मागायचं नाही, बसायचं

परळ-लालबागच्या हॉस्पिटलांमध्ये जेवढे म्हणून बाक आहेत, त्यांतल्या प्रत्येक बाकावर आमचे थोरले साडू एकदा तरी झोपलेले आहेत. यात अतिशयोक्ती शोधायचीच तर ती उलट बाजूने सापडेल. कारण जिथे बाक नव्हते तिथे ते जिन्यात झोपले, आणि जिथे जिन्यात झोपू देत नव्हते तिथे त्यांनी वॉचमनशी दोस्ती करून त्याच्याच खुर्चीत डुलक्या काढल्या. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. वय सत्तरीच्या पुढे, राहणार लालबागच्या एका चाळीत, गाव मालवणाकडचं. सगळी चाळ त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. गोदीजवळच्या एका कंपनीत त्यांनी निवृत्त होईपर्यंत कारकुनी केली असं सांगतात. मला विचाराल तर ती नोकरी त्यांनी दोन पेशंटांच्या मधल्या फावल्या वेळात केली.

गिरणगावातल्या चाळींत असा एक माणूस असतोच. कोणी नळावरची भांडणं सोडवतो, कोणी गणपतीची आरास बघतो, तसा एकजण हॉस्पिटल बघतो. कोणाच्या छातीत दुखलं, कोणाची सून अडली, कोणी दहीहंडीच्या थरावरून खाली आला, की पहिली हाक डॉक्टरला जात नाही, दादांना जाते. केसपेपर कुठल्या खिडकीवर निघतो, एक्स-रेची रांग कुठल्या बाजूने आत वळते, कुठल्या वॉर्डातल्या सिस्टर वरून कडक आणि आतून मऊ आहेत, हे सगळं त्यांना ठाऊक. आणि हे सगळं करताना ते पेशंटला कधीही नावाने हाक मारत नाहीत. पेशंट तो पेशंट. माझ्या स्वतःच्या अपेंडिक्सच्या वेळी मी स्ट्रेचरवरून केविलवाणा "दादा, दादा" करत होतो, आणि ते माझ्या डोक्यावरून वॉर्डबॉयला सांगत होते, "पेशंट जरा बडबड्या आहे, लक्ष देऊ नका."

त्यांच्या खोलीत दाराशेजारच्या खुंटीवर एक खाकी कापडी पिशवी कायम टांगलेली असते. घरातल्या कोणालाही तिला हात लावायची परवानगी नाही. तीत एक चादर, थर्मास, फुलपात्र, हातपंखा, सुतळी, मेणबत्ती, उशीला फुगवायची रबरी पिशवी आणि खाली अंथरायला जुनी वर्तमानपत्रं असतात. सुतळी कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "ती लागते तेव्हा कळतं," असं उत्तर मिळालं. पिशवी खुंटीवरून खाली आली की चाळीला कळतं, कोणीतरी आजारी आहे. ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणते की लग्नात तिच्या गळ्यात मंगळसूत्र पडलं तेव्हा त्यांच्या गळ्यात ही पिशवी पडली असणार. दोन्ही अजून उतरलेली नाहीत.

पण दादांची खरी ख्याती रक्तासाठी. पेशंटला रक्त लागलं की घरचे लोक हवालदिल होतात, दादा मात्र खुलतात. रक्त मिळवण्याची त्यांची एक पद्धत आहे, आणि ती त्यांनी मला एकदा मोठ्या विश्वासाने सांगितली होती. "साडूभाऊ, रक्त मागायचं नाही. मागितलं की माणूस कारणं शोधायला लागतो. समोर जाऊन बसायचं. पेशंट कुठे आहे तेवढं सांगायचं. चहा दिला तर प्यायचा. मग नुसतं बसायचं."

याचा एक नमुना मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. चाळीतल्या एका बाईचं ऑपरेशन होतं. तिच्या दिराचा रक्तगट जुळत होता, पण दोन्ही घरांत मोरीच्या भिंतीवरून बोलणं बंद होतं. दादा त्या दिराच्या खोलीत गेले. मी काहीतरी निरोप द्यायला म्हणून मागोमाग गेलो होतो, तो अडकलो. टीव्हीवर क्रिकेटची मॅच चालू होती. दादा म्हणाले, "वहिनी परळला आहे, उद्या ऑपरेशन," आणि बसले. दिराने चहा मागवला. दादांनी प्यायला. एक डाव संपला. दीर म्हणाला, "दादा, काही काम होतं का?" "नाय रे, तू बघ मॅच." दुसऱ्या डावात दीर अस्वस्थ व्हायला लागला. त्याने पंखा वाढवला, मग कमी केला. दादा शांतपणे धावा बघत होते. शेवटी तो उठला, खुंटीवरचा शर्ट ओढला आणि बायकोवर ओरडला, "अगं, मी येतो जरा परळला जाऊन! हा माणूस काय मला मॅच बघू देत नाही!" आणि दादा बिचारे चप्पल शोधता शोधता म्हणाले, "असू दे रे, शेवटची ओव्हर तर बघून घे."

हे सगळं मी कौतुकाने लिहितो आहे, पण त्यांचा फोन आला की मी तो थोडा वेळ नुसता वाजू देतो हेही सांगितलं पाहिजे. मी बँकेत नोकरी करतो, माटुंग्याला एका जुन्या कॉलनीत राहतो, आणि दमलेला असतो. कशाने दमतो ते मला नीट सांगता येत नाही. झोपून उठलो तरी दमलेलाच असतो. आमच्या घरातली बहुतेक आजारपणं दादांनीच काढली. माझ्या वडिलांचं त्यांनी काढलं, आमच्या दोघांच्या सासूबाईंचं शेवटचंही त्यांनीच काढलं. मी संध्याकाळी मोसंबी घेऊन जायचो आणि बसल्याबसल्या घड्याळाकडे बघायचो. दादांनी याबद्दल कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. न बोलणाऱ्या माणसासमोर भांडता येत नाही, आपण नुसते थोडे थोडे लहान होत जातो.

तर गेल्या वर्षी बँकेच्या सुट्टीच्या एका शनिवारी मी जेवून आडवा होणार, एवढ्यात फोन वाजला.

"साडूभाऊ, झोपलायस?"

"नाही दादा."

"मग गाडी काढ. चिंचपोकळी स्टेशनच्या बाहेर ये. आणि तुझ्या लेकीच्या, त्या चेडवाच्या मांजरीची ती प्लास्टिकची टोपली आहे ना, ती घेऊन ये. पेशंट आहे."

"टोपली कशाला?"

"पेशंट लहान आहे." फोन बंद.

दादांनी रस्त्यावर सापडलेलं कोणाचं तरी तान्हं मूल उचललं, अशी माझी खात्रीच झाली. पोलिस, पंचनामा, सोमवारची रजा, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. चिंचपोकळीला पोचलो तर फुटपाथवर वर्तमानपत्र अंथरून दादा बसलेले, मांडीवर चादर, आणि चादरीत एक मांजर. राखाडी पट्ट्यांची, अंगावर मांस असं नाहीच, नुसती हाडं आणि पिसवा. उभ्या असलेल्या टेम्पोच्या खाली पडली होती. टेम्पोवाला गाडी सुरू करणार तेवढ्यात दादांना तिची शेपटी दिसली. तेही कोणाला तरी हॉस्पिटलातून घरी सोडून येत होते म्हणून दिसली. त्यांना खाली बघत चालायची सवय आहे, वर्षानुवर्षं स्ट्रेचरच्या बाजूने चालून लागलेली.

"दादा, ही गेली आहे," मी म्हणालो.

"गप रव. जिता हा ता अजून." आणि त्यांनी तिच्या नाकासमोर बोट धरून मला श्वास दाखवला. मला काहीच जाणवलं नाही. तरी मी मान हलवली.

परळच्या मागच्या बाजूला प्राण्यांचा एक खाजगी दवाखाना आहे, तिथे गेलो. माणसांच्या हॉस्पिटलात जे करतात ते सगळं दादांनी तिथे केलं. दारातूनच "इमर्जन्सी, इमर्जन्सी, बाजूला व्हा" असं ओरडत शिरले, त्यामुळे एक लॅब्रडॉर आणि त्याचा मालक दोघेही उठून उभे राहिले. भेटायची वेळ कोणती आणि नातेवाइकांना बसायची सोय कुठे, हे त्यांनी आल्याआल्या विचारून घेतलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पेशंटचं नाव?" आणि जन्मात पहिल्यांदा दादा अडखळले. पेशंटला नाव असतं ही गोष्ट त्यांच्या ध्यानात नव्हती. त्यांनी चादरीत वाकून पाहिलं, वर पाहिलं, आणि म्हणाले, "सुलोचना."

मी चमकलो. सुलोचना हे आमच्या सासूबाईंचं नाव.

"दादा!" मी हळूच म्हणालो.

"काय करूचा, तोंडात तेच आलं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "ह्यापूर्वी घरच्या पेशंटचं खिडकीवर शेवटचं नाव तेच सांगितलेलं."

डॉक्टर तरुण होती, केस पेन खोचून वर बांधलेले, डोळे माझ्याहून दमलेले. तिने मांजरीचा ओठ वर करून आम्हाला दाखवला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. "पिसवांनी आणि त्यांच्यातून आलेल्या इन्फेक्शनने हिचं रक्त संपत आलंय. मी औषध सुरू करते, ऑक्सिजन लावते. पण ब्लड चढवावं लागेल, आजच. संध्याकाळपर्यंत डोनर नाही मिळाला तर मी काही प्रॉमिस नाही करू शकत काका."

"रक्त ना?" दादांचा चेहरा उजळला. "मग काय टेन्शनच नाय." आणि ते फोन घेऊन बाहेर गेले.

पुढे जे झालं ते फक्त लालबागमध्येच होऊ शकतं. मी अजून डॉक्टरला खर्च वगैरे विचारत होतो, तोवर दारात मोटरसायकली येऊन थांबल्या. मंडळाची धडधाकट पोरं खाली उतरली आणि शर्टाच्या बाह्या वर करत एकामागोमाग एक आत आली. दादांनी नेहमीप्रमाणे फोन केला होता, "पेशंट परळला आहे, रक्त लागणार." कोण पेशंट, कुठे, हे विचारायची त्या पोरांना सवय नाही. दादा म्हणाले म्हणजे निघायचं.

"दादा, आपला बी पॉझिटिव्ह. चालेल ना?"

"दादा, पेशंट कुठल्या वॉर्डला?"

डॉक्टर बाहेर आली. तिने त्या दंडांच्या रांगेकडे पाहिलं, मग दादांकडे पाहिलं. "काका, मांजरीला मांजरीचंच ब्लड लागतं."

लॅब्रडॉरच्या मालकाने तोंडावर रुमाल धरला. दादांनी सावकाश चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत त्यांची अशी चूक कधी झाली नसेल. पण ते लाजले वगैरे अजिबात नाहीत. "बरोबर आहे," ते म्हणाले. "तिचापण काहीतरी मान आहे."

"म्हणजे, मांजरीसाठी बोलावलंत होय?" सगळ्यांत पुढे उभा असलेला पोरगा म्हणाला. "अहो दादा, मी भावाच्या साखरपुड्यातून उठून आलोय! आता ह्या बाह्या खाली करू की अशाच ठेवू?"

"खाली कर आणि मांजर आण. कसली पाहिजे ते डॉक्टरबाई सांगतील."

डॉक्टरने सांगितलं. चांगली चार किलोच्या वर पाहिजे. तरुण, पण पिल्लू नको. शक्यतो घरातच राहणारी, बाहेर न फिरणारी. सगळी इंजेक्शनं वेळच्या वेळी झालेली. ती एकेक अट सांगत होती आणि माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत होता, कारण ती माझ्या घरातल्या मांजरीचं वर्णन करत होती.

बर्फी ही माझ्या मुलीची मांजर. मुलगी शिकायला कॅनडाला गेली आणि जाताना बर्फीला माझ्या स्वाधीन करून गेली. मला आणि बायकोला तिने विमानतळावर मिठी मारली, पण रडली ती बर्फीसाठी. रोज तिचा व्हिडिओ कॉल येतो, तो बर्फीला येतो. मी फोन धरायला असतो. "बाबा, जरा खाली कर ना, तिचे कान दिसत नाहीयेत," एवढा आमचा संवाद. ती जाड, पांढरी, आळशी मांजर म्हणजे माझ्या मुलीचं या घरात शिल्लक राहिलेलं मन आहे. ते मी टेबलावर ठेवून त्यात सुई खुपसू द्यायची? समोर भिंतीवर कुत्र्याच्या दातांची निगा कशी राखावी याचा तक्ता होता, तो मी फार लक्ष देऊन वाचला.

पोरं मांजरं आणायला गेली आणि आणत राहिली. एक आली शाळेच्या दप्तरातून, नुसतं डोकं बाहेर. डॉक्टरने पोटाला हात लावला आणि म्हणाली, हिला पिल्लं होणार आहेत. दप्तरवाला उगाचच ओशाळला. एक आली मिक्सरच्या खोक्यातून, ती भरली जेमतेम अडीच किलो. एक कान अर्धा असलेला बोका पोत्यातून आला. त्याने पोतं उघडताच साखरपुड्यातून आलेल्या पोराचा अंगठा फोडला, आणि अखेर त्या दिवशी मंडळाचं रक्त सांडलंच. दादांची सगळी भिस्त होती बाजारातल्या एका कोळणीच्या मांजरीवर. ती खरोखर भरदार होती, आणि मालकीण स्वतः तिला काखेत मारून टॅक्सीने आली होती. "माझ्या राणीच्या अंगात सुरमईचं रक्त आहे, घ्या किती घ्यायचं ते!" पण राणीचं नाक वाहत होतं आणि इंजेक्शन हा शब्द तिने आयुष्यात ऐकला नव्हता. डॉक्टरने हात जोडले. कोळीण तिला पुन्हा काखेत मारून म्हणाली, "बघ दादा, मी नाय म्हणाले नाय हां!" आणि गेली.

हळूहळू पोरंही पांगली. आतल्या खोलीच्या काचेतून सुलोचना दिसत होती. नाकाशी नळी, पोट अगदी बारीक हलायचं, मधेच हलायचं थांबायचं आणि मग मी माझा श्वास धरून ठेवायचो.

तेव्हा दादा माझ्या शेजारी येऊन बसले.

त्यांनी कोपऱ्यावरच्या टपरीतून दोन चहा मागवले. एक माझ्या हातात दिला. "दमलास दुपारपासून," म्हणाले. आणि पुढे काहीही बोलले नाहीत.

मी ओळखलं. बर्फी त्यांना काही नवीन नव्हती. टोपली तर तिचीच होती, त्यांच्याच सांगण्यावरून मी आणलेली, आमच्या दोघांच्या पायांशी ठेवलेली. तिच्यात बर्फीचे पांढरे केसही होते. पण दादा टोपलीकडे बघत नव्हते, माझ्याकडेही बघत नव्हते. ते समोरचा दातांचा तक्ता वाचत होते. मला तो दीर आठवला, ती मॅच आठवली. मी मनाशी ठरवलं की आपण उठायचं नाही. आपल्याला ही पद्धत माहीत आहे, माहीत असलेल्या माणसावर ती चालत नाही. मग मी मनातल्या मनात कारणं सांगायला लागलो. बर्फी माझी नाही. मुलीला विचारायला हवं, आणि तिकडे आत्ता ती झोपलेली असेल. ही तर रस्त्यावरची मांजर, अशा रोज कितीतरी मरतात. कारणं सगळी खरी होती. दादांनी त्यातलं एकही ऐकलं नाही, कारण मी एकही मोठ्याने बोललो नाही. ते चहा पीत राहिले. चहा संपला तरी रिकामा ग्लास हातात धरून बसून राहिले. आणि माझ्या लक्षात आलं की त्या बाकावर, त्यांच्या शेजारी, घड्याळाकडे न बघता मी पहिल्यांदाच इतका वेळ बसलो आहे. तेच मला सहन होईना.

मी उठून डॉक्टरकडे गेलो. "धोका किती असतो? देणाऱ्या मांजरीला?"

"झोपेचं थोडं औषध द्यावं लागतं. मानेतून घेतो. हेल्दी असेल तर फारच कमी धोका. पण झिरो आहे असं मी सांगणार नाही."

झिरो आहे असं सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. मी बायकोला फोन लावला आणि अडखळत सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली. मधेच ती म्हणाली, "भावोजी तुझ्या शेजारी बसलेत?"

"हो. म्हणजे, बसले होते."

"मग एवढं काय सांगत बसलायस? जुनी टोपली माळ्यावर आहे, ती काढते आणि येते टॅक्सीने. तिची इंजेक्शनांची फाइल कुठे ठेवलीस ते बोल."

मुलीला मी फोन केला नाही. झोपमोड नको, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ती नाही म्हणेल याची भीती नव्हती. ती हो म्हणाली असती आणि मग काही वाईट झालं असतं, तर तेही मला तिच्या अंगावर टाकायचं नव्हतं. एवढं एक मी माझ्याकडे ठेवलं.

बर्फीच्या तपासण्या झाल्या. रक्तगट बघेपर्यंत माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात इच्छा होती की तो जुळू नये. जुळला. तिच्या मानेवरचे पांढरे केस यंत्राने काढले, तेव्हा मी बाहेर आलो. दादा आत थांबले. डॉक्टर सांगत होती की नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असतं, पण दादांना बाहेर काढणं मोठमोठ्या सिस्टरांना जमलेलं नाही. काचेतून मला दिसत होतं, ते बर्फीच्या पुढच्या पंजावर हात ठेवून उभे होते आणि झोपलेल्या मांजरीला काहीतरी सांगत होते. नंतर मी विचारलं, काय सांगत होतात? म्हणाले, "डोनरला सांगतो तेच. डोळे मिटून घे, तुझ्या आवडीच्या गोष्टीचा विचार कर, आणि लगेच उठायची घाई करायची नाय."

मग थेंबाथेंबाने रक्त सुलोचनाच्या पायात जाऊ लागलं. बर्फी जागी झाली, दारू प्यायल्यासारखी दोन पावलं चालली आणि बायकोच्या साडीवर ओकली. दादांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, पुसलं. तिथेच मला सुतळीचाही उपयोग कळला. सलाइनची बाटली टांगायचा हूक सारखा निसटत होता, तो त्यांनी सुतळीने गजाला बांधून टाकला. डॉक्टर बघत राहिली. "लागते तेव्हा कळतं," दादा माझ्याकडे न बघता म्हणाले.

बाहेर दिवे लागायच्या सुमाराला त्यांनी मला आत बोलावलं. मांजरीचा ओठ बोटाने वर केला. हिरडी अजून पांढरीच होती, पण त्या पांढऱ्यात कुठेतरी, कोणीतरी गुलाबी रंगाचा कुंचला नुसता धुतला असावा, एवढा रंग आला होता.

"काय होवचा नाय आता तिका," दादा म्हणाले, आणि मग तिथल्या स्टुलावर बसले. बसले म्हणजे जवळजवळ पडलेच. तेव्हा मला दिसलं की त्यांचा एक हात छातीच्या डाव्या बाजूला, शर्टाच्या खिशावर दाबलेला आहे. मी विचारलं, काय झालं? "पेन पडलं वाटतं," म्हणाले. त्यांच्या खिशाला पेन नसतं.

सुलोचना वाचली. बरेच दिवस दवाखान्यात होती. चाळीतल्या लोकांनी पाळ्या लावून तिला भेट दिली. ताईने पेज करून थर्मासमधून पाठवली, ती डॉक्टरने आणि काउंटरवरच्या मुलीने मिळून खाल्ली. आईचं नाव मांजरीला दिलं म्हणून ताई नवऱ्याशी आठवडाभर बोलली नाही. मग दादा मांजरीला घरी घेऊन आले, आणि एका सकाळी ताई दारात उभी राहून "सुले, भायर जाव नको गो," असं म्हणताना ऐकू आली, तेव्हा ते भांडण संपलं. बर्फीला मंडळाच्या शिबिरात रक्तदात्यांना देतात तसला स्टीलचा डबा मिळाला. दादा स्वतः माटुंग्याला येऊन तो तिच्यासमोर ठेवून गेले. मुलीपासून मी बर्फीची मान लपवायचा प्रयत्न केला, फोन नुसता शेपटीकडून धरायचो. ती दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "बाबा, कॅमेरा वर घे." मग सगळं सांगावं लागलं. मला वाटलं आता रडणार. ती म्हणाली, "आणि तू? तू बरा आहेस ना?" त्या दिवशीचा फोन पहिल्यांदाच मला आलेला होता. मी बरा आहे म्हणालो आणि मलाच रडू आलं.

आता मला जे सांगायचं आहे ते थोडंच आहे. दिवाळीनंतर ताईचा फोन आला. दादांना चढताना धाप लागते, मधल्या मजल्यावर थांबावं लागतं. डॉक्टरने छातीची तपासणी करून घ्यायला सांगितली आहे, आणि ते जात नाहीत. "मी सांगून दमले रे," ताई म्हणाली. "म्हणतात, माझ्याबरोबर कोण येणार, चाळीत दोन पेशंट पडलेत. मुलगा ओरडला, डॉक्टर ओरडले. ऐकत नाहीत." चाळीतल्या प्रत्येकाला ज्यांनी हात धरून नेलं, त्यांना न्यायचं कोणी, हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता, बहुधा त्यांनाही नाही.

पुढच्या शनिवारी मी लालबागला गेलो. जिना चढलो. दादा खाटेवर बसले होते, पायांशी सुलोचना, आता चांगली गुबगुबीत झालेली, पायावरचे काढलेले केस पुन्हा भरलेले. "साडूभाऊ! पेशंट कोण?" ते उठायला लागले. मी म्हणालो, "कोणी नाही. बसा." आणि समोरच्या खुर्चीत बसलो.

ताईने चहा दिला. मी प्यायलो. टीव्हीवर मॅच नव्हती, कुठल्याशा पदार्थाची कृती चालली होती, ती दोघांनी पाहिली. दादा म्हणाले, "काही काम होतं का रे?" मी म्हणालो, "नाही. तुम्ही बघा." ते टीव्हीकडे बघायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. मिशी हलली. "मेल्या," ते म्हणाले, "माझ्याच घरात?"

मी रिकामा कप हातात धरून टीव्ही बघत राहिलो. त्यांनी पंखा वाढवला. मग कमी केला.

त्या दिवशी ते उठले नाहीत. त्यानंतरच्या शनिवारीही नाहीत. मी जातो. दमलेला असतो, पण जातो. घड्याळ घरी ठेवून जातो. परवा गेलो तर खाकी पिशवी खुंटीवर नव्हती. मला वाटलं, परत कोणाचं तरी बोलावणं आलं. पण दादा घरातच होते. पिशवी खाटेवर त्यांच्याशेजारी होती, आणि तिच्यावर सुलोचना झोपली होती. पिशवीच्या तोंडातून घडी करून ठेवलेली चादर आणि धुऊन भरलेला थर्मास दिसत होता.

"निघायचं?" असं मी म्हणालो नाही. मागायचं नसतं.

"मांजर उठू दे रे," दादा म्हणाले. "आत्ताच झोपलीय."

"उठू दे," मी म्हणालो, आणि बसून राहिलो.